गावातच रेसचं केंद्र उघडलं तर राज्याच्या तिजोरीत किती पडेल? अंदाज बांधायची रीत

मुंबईच्या महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर घोडे धावणार आणि त्यांच्यावर पैसे मात्र छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरच्या खिडकीवर लागणार. अशा केंद्रांना सरकारने परवानगी दिली तर तिजोरीत किती भर पडेल, हा प्रश्न कधी आमदारांच्या स्वीय सहायकापुढे येतो, कधी जिल्ह्याच्या वार्ताहरापुढे, कधी एम. ए. अर्थशास्त्राच्या प्रकल्पात. नव्या माणसाचा हात लगेच कॅल्क्युलेटरकडे जातो. तो अमुक कोटींची उलाढाल धरतो, तिला कराच्या दराने गुणतो आणि बातमी तयार होते. हा आकडा सहज तिपटीने फुगलेला असतो. तो का फुगतो आणि खरा आकडा कसा काढायचा, हे खाली एका केंद्राच्या उदाहरणावरून दाखवलं आहे. उदाहरणातली माणसं, दिवस आणि रुपये गृहीत धरलेले आहेत. तुमच्या शहराचे आकडे मिळतील तसे त्या जागी भरा.

पहिली पायरी: परवानगी कुणाची, कर कुणाचा

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत ३४ व्या क्रमांकावर पैज आणि जुगार हा विषय आहे. म्हणजे परवानगी द्यायची की बंदी घालायची, हे राज्य ठरवतं. महाराष्ट्रात त्यासाठी दोन जुने कायदे एकत्र वाचावे लागतात: १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आणि रेसकोर्सना परवाना देणारा १९१२ चा कायदा. परवाना असलेल्या रेसकोर्सवरच्या शर्यतीवर, शर्यतीच्याच दिवशी, ठरवून दिलेल्या आवारात किंवा सरकारने मंजूर केलेल्या जागी पैसे लावले तर तो जुगार धरला जात नाही. 'सरकारने मंजूर केलेली जागा' या शब्दांवर अधोरेखा मारून ठेवा, कारण आपला सगळा हिशेब त्यांच्यावर उभा आहे. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात सांगितलं. त्याचा फायदा परवानगीच्या वादात होतो. करातून मात्र त्याने सुटका होत नाही.

कर लावण्याची सत्ता आता राज्याच्या एकट्याच्या हातात उरलेली नाही. पूर्वी राज्यसूचीच्या ६२ व्या नोंदीखाली पैजेवर राज्य स्वतः कर लावत असे आणि मुंबई इलाख्याचा त्यासाठीचा कायदा १९२५ चा होता. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने त्या नोंदीतून पैज आणि जुगार वगळले गेले. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, २८ टक्क्यांनी. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के आहे, २० केंद्र सरकारचा आणि २० राज्याचा. दर जीएसटी परिषदेत ठरतो. त्यामुळे 'मराठवाड्यापुरता १० टक्के कर ठेवू' असा पर्याय टिपणीत मांडू नका, मुंबईला तसा अधिकारच नाही. राज्याच्या हातात परवाना शुल्क तेवढं आहे.

हा कर नेमका कशावर बसतो, तेही इथेच पक्कं करून घ्या. जीएसटीच्या नियम ३१-ए प्रमाणे पैजेची पूर्ण दर्शनी रक्कम, म्हणजे टोटमध्ये (टोटलायझेटर, सगळ्यांच्या पैजा एकत्र जमवणारी क्लबची यंत्रणा) भरलेले सगळे पैसे, हेच करपात्र मूल्य आहे. क्लबच्या, म्हणजे शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या, कमिशनपुरता कर नाही.

दुसरी पायरी: हजार रुपयांचा हिशेब

पूर्ण लेखातली ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. वही-पेन घेऊन करा.

टोटमध्ये लोकांचे पैसे एका पूलमध्ये जमतात. विन, प्लेस, फोरकास्ट, तनाला, जॅकपॉट असा पैजेच्या प्रत्येक प्रकाराचा पूल वेगळा असतो. क्लब त्यातून आपलं कमिशन कापतो आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटतो. कमिशन पूलगणिक बदलतं. आपण सरसकट २० टक्के धरू.

एक माणूस शर्यतीच्या दिवशी खिशात १,००० रुपये घेऊन आला. तो पहिल्या शर्यतीत हरतो, दुसरीत थोडं जिंकतो, जिंकलेले पुन्हा तिसरीत लावतो. कर नसता तर प्रत्येक १०० रुपयांमागे सरासरी ८० परत आले असते आणि २० गेले असते. तेच पैसे फिरवत फिरवत १,००० रुपये संपेपर्यंत त्याने एकूण ५,००० रुपयांच्या पैजा लावल्या असत्या. टोटच्या फळ्यावर उलाढाल ५,००० दिसली असती, खिशातून मात्र १,००० च गेले असते.

नवशिक्या या ५,००० वर ४० टक्के लावतो आणि कर २,००० रुपये काढतो. ज्याच्या खिशात हजारच होते, त्याच्याकडून सरकार दोन हजार कुठून घेणार?

आता करासकट मांडू. १०० रुपयांची पैज लावायला माणूस १४० देतो. सरासरीने त्याच्या हातात ८० परत येतात. म्हणजे दर १४० मागे ६० गेले, शेकडा जवळजवळ ४३. हजार रुपये संपेपर्यंत तो खिडकीवर एकूण सुमारे २,३३३ रुपये देईल. त्यातली पैज १,६६७ ची आणि जीएसटी ६६७ चा. क्लबचं कमिशन ३३३. कर आणि कमिशनची बेरीज बरोबर १,००० येते, आणि यायलाच हवी. तुमच्या तक्त्यात ही बेरीज जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.

यातून एक सोपं सूत्र हाती येतं. कमिशन २० टक्के आणि कर ४० टक्के असेल, तर माणसाने हरलेल्या प्रत्येक रुपयाचे तीन सारखे भाग होतात: एक केंद्र सरकारच्या जीएसटीला, एक राज्याच्या जीएसटीला, एक क्लबला. कमिशन २५ टक्के असेल तर राज्याचा वाटा शेकडा ३१ च्या जवळ येतो. म्हणून मोजायची गोष्ट उलाढाल नाही, लोक किती हरतात ही आहे.

तिकिटाच्या किमतीत कर धरला आहे की वरून घेतला आहे, याने विभागणी बदलत नाही. पण कर धरलेल्या १०० रुपयांवर ४० टक्के काढू नका. त्या शंभरात पैज ७१ रुपये ४३ पैशांची आहे आणि कर २८ रुपये ५७ पैशांचा. राज्याला त्यातले १४ रुपये २९ पैसे मिळतात.

याच रीतीने जुना दर मांडून पाहा. २८ टक्क्यांना हजारातले ५८३ रुपये करात जात होते आणि ४१७ क्लबला. ४० टक्क्यांना ६६७ आणि ३३३. दर ४३ टक्क्यांनी वाढला, वसुली जेमतेम १४ टक्क्यांनी. तीही माणूस पूर्वीइतकेच पैसे हरायला तयार राहिला तरच. क्लबचा वाटा मात्र पाचव्या हिश्शाने घटला.

तिसरी पायरी: माणसं किती येतील

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १ कोटी ८७ लाख होती. ती सगळी धरून गुणाकार करणं ही दुसरी मोठी चूक. केंद्र शहरात असतं आणि रेसचं पुस्तक वाचणारा माणूसही बहुधा शहरातच असतो. औंढ्याचा किंवा भूमचा माणूस सहाव्या शर्यतीसाठी एसटीने नांदेड-लातूर गाठणार नाही. म्हणून महापालिकेच्या हद्दीपासून सुरुवात करा. २०११ ला औरंगाबाद महापालिकेत सुमारे ११ लाख ७५ हजार लोक होते, नांदेड-वाघाळ्यात साडेपाच लाख.

संभाजीनगरचं उदाहरण घेऊ. प्रौढ लोकसंख्या ८ लाख धरा. त्यातले हजारी पाच जण रेसला पैसे लावणारे धरले तर ४,००० माणसं होतात. शर्यतीच्या एका दिवशी त्यातला दहावा भाग, म्हणजे ४०० जण, केंद्रावर येतील. वर्षातून शर्यतीचे ८० दिवस. एका दिवशी माणशी सरासरी ५०० रुपये हरले जातील. एका दिवसाचे २ लाख, वर्षाचे १ कोटी ६० लाख. तीन भाग केले की राज्याच्या जीएसटीला ५३ लाख ३० हजार.

हे आकडे पडताळायला लोक तीन ठिकाणी जातात आणि तिन्हीकडे फसतात.

पहिलं ठिकाण पोलिसांची प्रेसनोट. 'मटक्याच्या चिठ्ठ्या, एक बॉलपेन, रोख इतके रुपये' असा जप्त मुद्देमाल तिच्यात असतो. ती रक्कम एका चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या खिशात छाप्याच्या क्षणी जेवढी होती तेवढीच. तिला वर्षाच्या छाप्यांनी गुणून काही हाती लागत नाही. जास्त छापे म्हणजे जास्त जुगार असंही नाही. कधी त्याचा अर्थ नवीन पोलीस निरीक्षक आला एवढाच असतो. शिवाय मटक्याचं गिऱ्हाईक आणि रेसचं गिऱ्हाईक एकच नव्हे. मटक्याला आकडा पुरतो. रेसला घोड्याचं वजन, जॉकी, मागच्या धावा असं बरंच वाचावं लागतं.

दुसरं ठिकाण घोड्यांचा बाजार. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोडे बघायला केवढी गर्दी होते, म्हणून इथे रेस चालेल, असं छातीठोक सांगणारे भेटतात. माळेगावला येणारा माणूस घोडा पारखायला, विकत घ्यायला येतो. त्याच्या चालीवरून आणि भोवऱ्यांवरून तो किंमत करतो. ती विद्या मोठी आहे, पण तिचा टोटच्या खिडकीशी संबंध नाही. बैलगाडा शर्यतीची गर्दीही अशीच बाजूला ठेवा.

तिसरं ठिकाण प्रश्नावली. 'तुम्ही महिन्याला रेसवर किती लावता?' असं विचारलं की एक जण उलाढाल सांगतो, दुसरा नुकसान सांगतो आणि तिसरा उठून जातो. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा: गेल्या महिन्यात कितीदा गेलात, घरून किती घेऊन निघालात, परत येताना किती होते. दोन रकमांतला फरक म्हणजे हवा तो आकडा. स्वतःबद्दल कुणी बोलत नसेल तर ओळखीतल्या माणसांबद्दल विचारा, मग लोक मोकळेपणाने सांगतात.

हंगामाकडेही लक्ष द्या. पुण्याच्या शर्यती पावसाळ्यात होतात, तेव्हा मराठवाड्यात पैसा बियाण्या-खतात अडकलेला असतो. मुंबईचा हंगाम हिवाळ्यात सुरू होतो, त्या सुमारास लातूरच्या आडतीवर सोयाबीन येऊन गेलेलं असतं आणि कापसाचे पैसे सुटू लागतात. ८० दिवसांना एकच सरासरी लावली तर पावसाळ्याचे महिने फुगतात. ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबाच्या हातातली उचल मात्र या हिशेबात उत्पन्न म्हणून कधीही धरू नका. ती कमाई नाही, अंगावरचं कर्ज आहे. तिच्यातून जो कर येईल तो त्या घराच्या पुढच्या हंगामातल्या मजुरीतून आलेला असेल.

चौथी पायरी: हे पैसे आधी कुठे जात होते

केंद्रावर हरलेला रुपया आकाशातून पडत नाही. तो कुठून आला यावर राज्याचा खरा फायदा ठरतो. चार वाटा वेगळ्या मांडा.

बेकायदा बुकीकडून आलेला रुपया राज्याला पूर्ण नवा कर देतो. हैदराबादच्या मलकपेट रेसकोर्सवर जाणारा धर्माबादचा किंवा देगलूरचा माणूस नांदेडच्या केंद्रावर वळला तर तोही पूर्ण फायदा, कारण आजवर त्याच्या पैजेतला राज्याचा भाग तेलंगणाला मिळत होता. हाच माणूस आधी पुण्याला जाऊन खेळत असेल तर फायदा शून्य. तो कर महाराष्ट्रालाच मिळत होता, आता फक्त खिडकी बदलली. उरलेला रुपया घरखर्चातून आला: कपडा, हॉटेल, पेट्रोल, दारू. तिथे राज्याला काही ना काही कर मिळतच होता, तो आता बुडाला. पेट्रोल आणि दारू जीएसटीच्या बाहेर आहेत आणि त्यांच्यावर राज्याचा स्वतःचा कर आहे (पेट्रोलवर केंद्राचं उत्पादन शुल्क वेगळं). त्यामुळे तिथून वळलेला रुपया राज्याला जास्त महागात पडतो.

उदाहरणात असं धरू: ४० टक्के बुकीकडून, १० टक्के पुण्या-मुंबईच्या कायदेशीर खिडक्यांवरून, ५० टक्के घरखर्चातून. हैदराबादचा भाग संभाजीनगरपुरता सोडून देऊ. नवा राज्य जीएसटी ५३.३ लाखांऐवजी ४८ लाख. घरखर्चातून आलेल्या ८० लाखांवर राज्याचा सरासरी कर शेकडा ६ रुपये धरला तर बुडालेला कर ४ लाख ८० हजार.

बुकीकडून ४० टक्के येतील, हे धरतानाही हात आखडता घ्या. बुकी कर लावत नाही. त्याने शेकडा १५ आपल्याकडे ठेवले तरी हजार रुपयांत माणूस सहा हजारांहून जास्त उलाढाल करतो, आणि खिडकीवर तेच हजार २,३३३ रुपयांत संपतात. शिवाय बुकी फोनवर पैज घेतो, उधारी देतो, आठवड्याने हिशेब करतो. खिडकीवर रोख आधी मोजावी लागते. तिकडे १०,००० रुपयांवरच्या जिंकण्यावर ३० टक्के प्राप्तिकरही कापला जातो. फक्त कायदेशीर आहे म्हणून जुनं गिऱ्हाईक वळत नाही. बुकी पैसे बुडवेल ही भीती आणि पोलिसांचा ससेमिरा या दोनच गोष्टी त्याला खिडकीकडे ढकलतात.

ब्रिटनचा अनुभव इथे कामाचा आहे. तिथे १९६० च्या कायद्यानंतर १ मे १९६१ पासून गल्लोगल्ली पैजेची दुकानं उघडली. कर पैजेच्या रकमेवर होता आणि २००१ पर्यंत तो ६.७५ टक्के झाला होता. गिऱ्हाईकाकडून ९ टक्के कापले जायचे. एवढ्या दरालाही लोक फोनवरून देशाबाहेरच्या बुकींकडे वळले. शेवटी ऑक्टोबर २००१ मध्ये सरकारने तो कर काढला आणि बुकीच्या ढोबळ नफ्यावर १५ टक्के लावला. आपल्याकडचा ४० टक्के कर पैजेच्या रकमेवरच आहे. तेव्हा 'कायदेशीर केलं की काळा धंदा बसेल' हे वाक्य टिपणीत लिहिताना त्याच्या शेजारी दरही लिहा.

मोबाइल अॅपवरून पैजा येतील असं धरून कुणी आकडा वाढवायला सांगेल. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. विधी विभागाचं लेखी मत हातात येईपर्यंत फक्त खिडकीवरच्या रोखीचा हिशेब करा.

पाचवी पायरी: केंद्र सरकारकडून परत काय येतं

केंद्र सरकारचा जीएसटी विभाजनयोग्य निधीत जातो आणि त्यातला ४१ टक्के राज्यांना मिळतो, हे ऐकून काही जण केंद्राच्या वाट्यातला ४१ टक्के महाराष्ट्राच्या खात्यात टाकतात. तो सगळ्या राज्यांचा मिळून आहे. १५ व्या वित्त आयोगाच्या सूत्रात महाराष्ट्राचा हिस्सा त्यातला ६.३१७ टक्के. गुणाकार केला की केंद्राला गेलेल्या १०० रुपयांमागे आपल्याला २ रुपये ५९ पैसे परत येतात. आपल्या उदाहरणात नव्या ४८ लाखांवर सव्वा लाख. तो सूत्रकाळ २०२५-२६ ला संपतो. पुढच्या वर्षांचा अंदाज असेल तर १६ व्या आयोगाचा हिस्सा घ्या.

सहावी पायरी: रेसचं केंद्र जगेल का

आता क्लबच्या बाजूने बघा. त्याला मिळाले ५३ लाख, महिन्याला साडेचार लाखांहून थोडे कमी. त्यात हॉलचं भाडं, खिडकीवरची माणसं, पहारेकरी, टोटची यंत्रं, लाइन, वीज, शिवाय बक्षिसांच्या रकमेत टाकायचा वाटा. खर्च महिन्याला ३ लाख धरला तर केंद्र कसंबसं चालेल.

माणसं ४०० ऐवजी १५० आली आणि ५०० ऐवजी ३०० हरली तर काय होईल? दिवसाचे ४५,०००, वर्षाचे ३६ लाख, क्लबला १२ लाख. महिन्याला एक लाखात हॉल आणि पगार भागत नाहीत. केंद्र बंद पडेल आणि राज्याचा करही शून्य होईल. म्हणून कमी अंदाजाच्या रकान्यात 'राज्याला १२ लाख' असं लिहिणं चूक आहे. तिथे पहिल्या वर्षी काही लाख आणि नंतर शून्य असंच येतं.

न्यूयॉर्क शहराने १९७१ मध्ये स्वतःच अशी केंद्रं उघडली. डिसेंबर २०१० मध्ये ती बंद झाली, तीही दिवाळखोरीच्या अर्जानंतर. शहरात अशी केंद्रं चालवायचा हक्क त्यांच्याच हातात होता. पण कायद्याने द्यावे लागणारे हिस्से उलाढालीतून आधीच कापले जात आणि चालवण्याचा खर्च उरलेल्यातून करावा लागे. महसूल कागदावर दिसत राहिला आणि संस्था आतून पोकळ झाली.

परवाना शुल्क ठरवतानाही हाच तिसरा हिस्सा डोळ्यापुढे ठेवा. केंद्रामागे वर्षाला २५ लाख शुल्क लावलं की जमेच्या बाजूला ते छान दिसतं, पण आपल्या मधल्या अंदाजातलं केंद्रही तेवढ्याने बंद पडतं.

सातवी पायरी: वर्ष कुठून कुठे

अर्थसंकल्पाचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, आणि त्याचा हिशेब रोखीचा असतो. मार्चमधल्या पैजांचा जीएसटी २० एप्रिलपर्यंत भरला जातो. म्हणजे केंद्र १ ऑक्टोबरला उघडलं तर त्या वर्षात ऑक्टोबर ते फेब्रुवारी असा पाच महिन्यांचाच कर येईल, सहा महिन्यांचा नाही. त्यात मार्च हा मुंबईच्या हंगामातला महिना, तोच बाहेर राहतो. परवाना, जागा, अग्निशमन दाखला, माणसांची भरती यात आणखी महिने जातात. घोषणा झाली त्या वर्षाच्या रकान्यात शून्य लिहायला लाजू नका.

पहिल्या दोन-तीन महिन्यांची गर्दी नव्याची नवलाई असते. तिला बाराने भागून-गुणून वर्षाचा आकडा काढू नका.

आठवी पायरी: खर्चाची बाजू

ही बाजू बहुतेक टिपणांत नसतेच. पोलीस बंदोबस्त ठेवायचा तर दोन शिपायांचे पगार-भत्ते वर्षाला १२ लाख धरा, तपासणी आणि हिशेब तपासायला ५ लाख. हे १७ लाख वजा करा. पोलीस 'आहे त्याच मनुष्यबळात बघू' म्हणाले तर खर्च शून्य होत नाही. दुसऱ्या कुठल्या तरी बीटवरचा माणूस इकडे येतो. ते वाक्य टिपणीत जसंच्या तसं नोंदवा.

जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागावर येणारा भार, सावकाराकडचं कर्ज, मोडलेलं सोनं यांचे आकडे मिळत नसतील तर ओढूनताणून रुपये लावू नका, पण ओळ गाळूही नका. रक्कम न लिहिता ती ओळ ठेवा. मराठवाड्यात कर्ज म्हणजे काय हे वाचणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. ती ओळच नसेल तर मात्र कुणाला तो प्रश्न विचारायचं सुचत नाही.

सगळं एकत्र केल्यावर मधला अंदाज असा दिसतो:

नवा राज्य जीएसटी: ४८.० लाख
केंद्र सरकारकडून परत: १.२ लाख
घरखर्चातला बुडालेला कर: वजा ४.८ लाख
पोलीस आणि तपासणी: वजा १७.० लाख
राज्याला निव्वळ: २७.४ लाख

या तक्त्याच्या खाली आणखी एक ओळ हवीच: या शहरातल्या लोकांनी हरलेली रक्कम १ कोटी ६० लाख. राज्याच्या हातात निव्वळ एक रुपया पडावा म्हणून घरांतून जवळजवळ सहा रुपये गेले. ही ओळ अर्थसंकल्पाचा भाग नाही म्हणून कुणी काढायला सांगेल. काढू नका.

वरच्या टोकाचा अंदाजही करून पाहा: रोज ८०० माणसं, माणशी ६०० रुपये. वर्षाला ३ कोटी ८४ लाख हरले जातील आणि राज्याचा ढोबळ जीएसटी १ कोटी २८ लाख. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याची अपेक्षित महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी होती आणि महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटी. त्या जमेपुढे सव्वा कोटी कुठे बसतात ते टक्क्यात काढलं तर दशांश चिन्हानंतर तीन शून्यं येतात. अशी आठही जिल्ह्यांत केंद्रं काढली तरी चित्र बदलत नाही. परवानगी द्यावी की नाही याची दुसरी कारणं असू शकतील, दोन्ही बाजूंची. तूट भरून निघेल हे कारण यातून उभं राहत नाही.

टिपणी लिहिताना

पैसा कुठल्या लेखाशीर्षाखाली येईल ते लिहा. राज्य जीएसटी मुख्य लेखाशीर्ष ०००६ खाली जमा होतो. जुना पैज कर ००४५ खाली होता. जुन्या वर्षांची मालिका बघायची तर तिथे जा, आणि २०१७-१८ नंतर ती का आटली ते तळटीपेत सांगा, नाहीतर कुणीतरी 'रेसचं उत्पन्न बुडालं' अशी बातमी करेल. पोलिसांचा खर्च २०५५ खाली, आरोग्याचा २२१० खाली. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर रक्कम हजारात, लाखात की कोटींत ते लिहिलेलं असतं. ते न वाचता आकडा उचलला की शंभरपट चूक होते. अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष जमा हे तीन वेगळे रकाने आहेत. तुलना प्रत्यक्ष जमेशीच करा.

'मराठवाड्याला इतके लाख मिळतील' असं शीर्षक देऊ नका. जीएसटी राज्याच्या एकत्रित निधीत जातो. केंद्र नांदेडला आहे म्हणून तो पैसा नांदेडच्या रस्त्याला लागत नाही. प्रदेशाच्या वाट्याचा प्रश्न घटनेच्या ३७१(२) कलमाखालच्या वैधानिक विकास मंडळांचा होता, आणि त्यांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. महापालिकेला मालमत्ता कर आणि पाणीपट्टी तेवढी मिळेल.

कायदा बदलायचं विधेयक असेल आणि त्यातून खर्च उभा राहणार असेल तर सोबत वित्तीय ज्ञापन लागतं. त्यात तीनही अंदाज द्या आणि प्रत्येकाखाली चार गृहीतकं लिहा: दिवसाला माणसं किती, माणशी नुकसान किती, बुकीकडून किती टक्के वळतील, घरखर्चातून किती टक्के येतील. यातल्या पहिल्या दोन आकड्यांवर सगळा अंदाज हलतो, माणसं अर्धी झाली की करही अर्धा होतो. बाकीच्या टक्केवाऱ्यांवर बैठकीत तासभर वाद होतो आणि त्यातून आकडा चार-पाच लाखांनी इकडे-तिकडे होतो. वेळ पहिल्या दोघांवर घालवा.

केंद्र खरंच उघडलं तर परवान्याच्या अटींतच तीन गोष्टी मागून ठेवा: शर्यतीच्या प्रत्येक दिवसाची पूलनिहाय रक्कम, त्या दिवशी वाटलेली रक्कम आणि विकलेल्या तिकिटांची संख्या, दर महिन्याच्या १० तारखेच्या आत. नंतर मागितली तर ही माहिती मिळायला वर्ष जातं. पहिला सोयाबीनचा हंगाम आणि पहिला पावसाळा असे दोन्ही महिने हाती आले की मूळ तक्त्यातल्या ४०० आणि ५०० च्या जागी खरे आकडे घाला. जुना तक्ता पुसू नका, तारीख टाकून शेजारीच ठेवा.